पाऊस इल्लो कमी करा

माझ्या सासूबाईंनी माझ्या विद्येची परीक्षा मिरच्यांवर घेतली आणि मी सपशेल नापास झाले. लग्न होऊन डिचोलीला आले त्याच वर्षीची गोष्ट. मे महिना सरत आला होता आणि घरात पुरुमेताची धांदल चालली होती. पावसाळा निभेल एवढे मीठ, मिरच्या, आमसुले, सुके बांगडे, सगळे भरून ठेवायचे. अंगणात मिरच्या पसरता पसरता सासूबाईंनी विचारले, "गो, तूं पावसाच्या ऑफिसांत मगो? मागीर सांग, आज पडटलो?" मी आभाळाकडे पाहिले, जाणकार चेहरा केला आणि नाही म्हणाले. दुपारी मिरच्या भिजल्या. सासूबाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, पण त्या दिवसापासून त्यांनी पावसाबद्दल मला काही विचारले नाही. त्या शेजारच्या काशीबाईंच्या गुडघ्याला विचारू लागल्या, आणि खरे सांगायचे तर गुडघा माझ्यापेक्षा बरा होता.

उद्याचा पाऊस सांगणारे खाते वेगळे असते. आमचे काम पूल, बंधारे आणि गटारे बांधणाऱ्यांना एवढेच सांगायचे, की बाबांनो, या व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, मोठ्यात मोठा पाऊस केवढा धरून चालायचे. म्हणजे सासूबाईंच्या मिरच्यांचे काय होणार ते मला सांगता येत नसे. त्यांच्या पणतवंडांच्या मिरच्यांबद्दल मात्र मी टिपण लिहू शकत होते.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या सुमाराला मी नोकरीला लागले. माहेर सावंतवाडीकडचे, त्यामुळे बोलणे मालवणी, सासरची भाषा कोकणी, शाळा मराठी. आमच्या ऑफिसात अशा लोकांचेच चालायचे, कारण तिथे भांडण कोकणीतून होई, अर्ज मराठीतून येत आणि नकार इंग्रजीतून जाई. पेडणे आणि डिचोली हे दोन तालुके बहुतेक माझ्याकडे असत. पेडण्यात समुद्र, खाड्या आणि पाहुणे. डिचोलीत खाणी, ट्रक आणि लाल चिखल. दोन्हीकडचा पाऊस सारखाच भिजवतो, पण तक्रारी अगदी वेगळ्या.

आता आमच्या धंद्यातला एक शब्द सांगते, कारण त्यावरून मी निम्मे आयुष्य वाद घातला आहे. आम्ही म्हणतो, 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पाऊस'. लोकांना वाटते तो वेळापत्रक लावून येतो. एकदा येऊन गेला, की आता नातवांच्या काळापर्यंत निर्धास्त. तसे नसते. एका मडक्यात शंभर चिठ्ठ्या आहेत, नव्याण्णव कोऱ्या आणि एकीवर 'आलो' असे लिहिलेले. दर वर्षी एक चिठ्ठी काढायची, वाचायची आणि परत मडक्यात टाकायची. लागोपाठ दोन वर्षे तीच हाती आली तर मडक्याशी भांडता येत नाही. हे मी सरपंचांना सांगितले, ठेकेदारांना सांगितले, एका आमदारांना त्यांच्या गाडीत बसून सांगितले. सगळे मान डोलवत आणि शेवटी विचारत, "मग ह्या वर्षी कसं?"

गिऱ्हाइके एकेक न्यारी. मांद्र्याच्या एक बाई गेस्टहाऊस चालवायच्या. एकदा ऑफिसात आल्या आणि त्यांनी डिसेंबरातली एक तारीख सांगितली. समुद्रकाठी कोणा पाहुण्यांचे लग्न होते, तेव्हा पाऊस आहे का, तुमच्या मोठ्या कॉम्प्युटरात बघा म्हणाल्या. मी त्यांना समजावले, की आमच्या कॉम्प्युटरातली मॉडेले पावसाचा स्वभाव सांगतात, तारीख सांगत नाहीत. माझे एक दीर आहेत, ते प्रत्येक लग्नात रुसतात हे मी लिहून देते, पण कोणत्या पंगतीला रुसतील ते त्यांचे त्यांनाही माहीत नसते. बाईंना दिरांचे ताबडतोब पटले, त्यांच्याकडेही तसे एक होते. पावसाचे काही पटले नाही.

बाकीच्यांना तारीख नको असे, घासाघीस हवी असे. खाणीवरचे इंजिनियर साहेब येत. लाल पाणी साठवायचे तळे मोठे केले तर त्याच्याखालचे खनिज अडकते, म्हणून त्यांना पाऊस कमी हवा. ठेकेदाराला पाऊस जास्त हवा, कारण पाऊस जेवढा मोठा तेवढा पूल मोठा. बाजारात भाजीवालीशी करावी तशी माझ्याशी लोकांनी आभाळावरून घासाघीस केली आहे. पण ज्याच्यासाठी ती खरोखर जिवाची गोष्ट होती असा माणूस एकच, जयवंत.

पाळीच्या अलीकडे एक वाडा, म्हणजे छोटी वस्ती, आहे. नाव सांगत नाही, त्यांनी आधीच माझी पुरेशी चेष्टा केली आहे. त्या वाड्याला रस्त्यापासून तोडणारा एक व्हाळ आहे आणि त्यावर तेव्हा नळ्यांचा बुटका पूल होता. पावसाळ्यात वरून लाल गाळ आणि झाडांच्या फांद्या येत, नळ्या तुंबत आणि पाणी मागे फुगून वरच्या अंगाच्या घरांत शिरे. पुलाच्या तोंडाशीच जयवंतचे हॉटेल होते. आमच्याकडे हॉटेल म्हणजे चार बाकडी, चहाची भट्टी, पातळ भाजी, पाव आणि मिरचीची भजी. खनिजाचे ट्रक तिथे थांबत. ट्रकांवरचे बरेच ड्रायव्हर माझ्या माहेरच्या बाजूचे, आणि जयवंतच्या भाजीची चव माझ्या आईच्या हातची आठवण करून देणारी, त्यामुळे त्या बाजूला पाहणी निघाली की मी नाही म्हणत नसे.

नवा पूल ठरला. प्रश्न एकच होता, त्याला पाणी जायला गाळे दोन ठेवायचे की तीन. दोन ठेवले तर हॉटेल वाचत होते. तिसरा गाळा नेमका जयवंतच्या भट्टीवर येत होता. आणि दोन की तीन, हे माझ्या पावसाच्या आकड्यावर ठरणार होते.

हे कळल्यावर जयवंत ऑफिसात आला. पांढरा शर्ट, केसांना तेल, हातात केळीच्या पानात बांधलेला भाजी-पाव. टेबलासमोर बसला, छताकडे पाहिले, पंख्याची चौकशी केली आणि मग हळूच म्हणाला, "बाय, तो पावस इल्लो कमी करूं येता?"

इल्लो म्हणजे थोडासा. गोव्यात सगळ्या मोठ्या मागण्या इल्लो या शब्दाने सुरू होतात. मी त्याला सांगितले, की पाऊस माझ्या पदरचा नाही, मोजलेल्या नोंदींतून येतो. तरी मी सगळे पुन्हा तपासून पाहते. भाजी-पाव मात्र मी खाल्ला. ती लाच असेल तर फार चवदार लाच होती.

तपासायला बसले आणि एक गंमत दिसली. त्या भागातले पर्जन्यमापक एका शाळेच्या आवारात होते. पत्र्याचे साधे भांडे, रोज सकाळी त्यातले पाणी मापून लिहायचे. त्या नोंदींत गणेशचतुर्थीच्या दिवसांत पाऊस कधीच पडत नसे. वर्षामागून वर्षे, चवथ आली की आभाळ कोरडे, आणि विसर्जन झाले की दुसऱ्या दिवशी प्रलय. सगळ्या नोंदींतला सर्वांत मोठा पाऊस, ज्यावर आमचे तीन गाळे उभे होते, तोही असाच विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीचा.

मी आबा मास्तरांकडे गेले. शाळेतून निवृत्त झालेले, बरीच वर्षे ते भांडे त्यांच्याच हाती होते. मी शक्य तेवढ्या आदराने विचारले, की मास्तर, चतुर्थीला आपल्याकडे पाऊस पडत नाही असे कसे. मास्तरांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू मीच शाळा बुडवली होती.

"चवथीक कोण पावस मोजता?" ते म्हणाले.

बरोबरच होते. चवथीला गोव्यात बस चालत नाही, पोस्ट चालत नाही, सरकार तर मुळीच चालत नाही. मग पर्जन्यमापक तेवढे का चालावे? मास्तर गणपतीच्या डोक्यावर फळापानांची माटोळी बांधायला मूळ घरी जात. तेवढे दिवस भांडे भरत राही. परत आल्यावर ते सगळे पाणी इमानाने मोजत आणि त्या एका दिवसाच्या नावावर लिहीत. एक थेंब त्यांनी टाकला नव्हता. पण पाच दिवसांचा सौम्य पाऊस आमच्या कागदावर एका दिवसाचा राक्षस होऊन बसला होता. ही चूक गोव्यातच होऊ शकते, आणि मी आजही ती चूक म्हणायला थोडी कचरते, कारण मीही कधी चवथीला ऑफिसात गेले नाही.

तो राक्षस आम्ही मोडून पाच दिवसांत वाटला. बाकी चवथींचेही तसेच केले आणि आकडे नव्याने मांडले. पाऊस उतरला. दोन गाळे पुरणार होते. जयवंतला कळवले तर त्याने ऑफिसभर शिरा वाटला आणि सगळ्यांना सांगितले, की बायने देवाकडे शब्द टाकला. मी कितीदा सांगितले की मास्तर घरी गेले होते म्हणून हे झाले. कोणी ऐकून घेतले नाही.

पण पूल गेल्या पावसासाठी बांधत नाहीत, येणाऱ्या पावसासाठी बांधतात, आणि येणारा पाऊस आता पूर्वीसारखा राहिलेला नव्हता. त्याच सुमाराला आमचा तरुण सहकारी आग्नेल बाहेरून शिकून आला आणि येताना हवामानाची मॉडेले घेऊन आला. साहेबांनी फर्मान काढले, की यापुढे नव्या पुलांना पुढच्या काळातला पाऊसही धरा.

मॉडेल म्हणजे काय ते साधे सांगते. सगळ्या पृथ्वीवर चौकोन आखायचे, रांगोळी घालायला ठिपके मांडावे तसे, आणि प्रत्येक चौकोनातली हवा, वाफ, ऊन, वारा गणिताने पुढे ढकलत न्यायचे. वर्षामागून वर्षे. माणसे धूर किती सोडणार ते आपण धरून द्यायचे. हवा तापली की तिच्यात वाफ जास्त मावते, आणि जास्त वाफ उचललेला ढग सांडतो तेव्हा जास्त सांडतो, हे त्यातले मूळ. आता गंमत अशी, की तेव्हाच्या मॉडेलांचे चौकोन एवढे मोठे, की अख्खा गोवा एकाच चौकोनात मावे, वर थोडा समुद्र आणि थोडे बेळगाव. सह्याद्री त्यात इतका चेपलेला, की डोंगराला अडून पडणारा आमचा धो धो पाऊस मॉडेलात सापडेचना. तिथे आपली रोज थोडी थोडी रिमझिम. म्हणून त्याचा आकडा जसाच्या तसा घ्यायचा नसतो. मॉडेलाला आधी मागच्या काळातला पाऊस विचारायचा, मग पुढच्या काळातला, आणि दोन्हींत किती पटीचा फरक पडतो तेवढाच उचलून आपल्या मास्तरांच्या भांड्याला लावायचा. घड्याळ मागे असले तरी मधे किती वेळ गेला, एवढे ते बरोबर सांगतेच.

एका मॉडेलावर विसंबायचेही नसते. आमच्याकडे गाऱ्हाणे घालताना गावकर गावातल्या, शिवेवरच्या, वाटेवरच्या सगळ्या देवांची नावे घेतो, एकही सुटता कामा नये, आणि लोक "व्हय महाराजा" म्हणतात. आग्नेलनेही तसेच केले, देशोदेशीची मॉडेले गोळा केली. फरक एवढाच की ती एकमुखाने व्हय म्हणेनात. काही म्हणाली दोन गाळे पुरतील. बरीच म्हणाली पुरणार नाहीत, तीन लागतील. एक तर असे काही बोलले की पूल राहू दे, डिचोली तालुका हलवा. त्याला आम्ही बाजूला बसवले. साहेबांना मात्र आकडा एकच हवा होता, आणि सहीसाठी कागद माझ्या टेबलावर होता.

जयवंतला बातमी लागली. यावेळी भाजी-पाव नव्हता. तो थेट म्हणाला, की तुमच्या कॉम्प्युटराला माहीत नसेल तर मी देवाला विचारतो. आमच्या देवळांत प्रसाद लावतात. मूर्तीला ओल्या फुलांच्या पाकळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणे घालायचे. उजवीकडची आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. जयवंतने विचारले, एवढा पाऊस येणार का? सगळा वाडा जमला होता. पाकळ्या चिकटल्या त्या चिकटल्याच. भटजींचे जेवण खोळंबले, पण एकही पाकळी हलेना. संध्याकाळी मी पाहणीला पुलाशी गेले तेव्हा जयवंत भट्टीजवळ बसला होता.

"देव ओगी रावलो, बाय," तो म्हणाला. देव गप्प राहिला.

मी त्याला म्हणाले, की माझी मॉडेले सगळी एकदम बोलतात आणि तुमचा देव गप्प बसतो, पण दोघांचा अर्थ एकच आहे. कोणालाच नक्की ठाऊक नाही.

"मागीर जें कोणाकूच खबर ना, ताका लागून म्हजें हॉटेल कित्याक मोडटात?"

जे कोणालाच ठाऊक नाही त्यासाठी हॉटेल का मोडायचे, हा प्रश्न मला कुठल्या परिषदेत कोणी विचारला नाही. तिथे लोक आलेख कसा काढला ते विचारतात. समोर व्हाळाच्या वरच्या अंगाला त्याच्या बहिणीचे घर दिसत होते, भिंतीवर गेल्या पुराची लाल रेघ अजून होती. मी त्याला म्हणाले, "जयवंतबाब, दोन गाळे घातले आणि तो पाऊस आला नाही, तर तुम्ही जिंकलात. दोन घातले आणि तो आला, तर पाणी तुमच्या बहिणीच्या घरात. तीन घातले आणि तो आलाच नाही, तर तुम्ही मला जन्मभर शिव्या घाला. त्या मला सोसतील. बहिणीच्या घरातले पाणी मला सोसणार नाही."

मी तीन लिहिले.

हॉटेल मोडले त्या दिवशी मी मुद्दाम गेले. मला कोणी बोलावले नव्हते आणि ऑफिसचे काही काम नव्हते. जयवंतने कौले स्वतःच उतरवली, एकही फुटू दिले नाही. माझ्याकडे त्याने पाहिले, पण चहा विचारला नाही. गोव्यात माणूस आला आणि चहा विचारला नाही, याचा अर्थ सांगायला नको. मला फार वाईट वाटले. माझ्या आकड्याने उभे राहिलेले पूल मी अभिमानाने दाखवते. आकड्याने मोडलेले घर वा दुकान तेवढे एकच, आणि त्याचे वाईट मला अजून वाटते.

त्याला चढावर वरच्या बाजूला जागा मिळाली. तिथे ट्रक थांबायला नाखूष, चढावर थांबून पुन्हा निघायचे म्हणजे इंजिन रडते. तरी कसेबसे चालले. आणि मग दोनेक पावसाळ्यांनी खाणीच बंद पडल्या. रस्ते ओस झाले, ट्रक दारोदार उभे राहून गंजले, माझ्या माहेरचे ड्रायव्हर माहेरी गेले. त्या दिवसांत डिचोलीच्या बाजारात जयवंत भेटला. बऱ्याच काळाने माझ्याशी बोलला. म्हणाला, "नातवांच्या काळांतलो पावस सांगलो तुमी. खणी बंद पडटल्यो, हें तुमच्या मॉडेलान कशें सांगूंक ना?"

मला हसू आले, त्यालाही आले, आणि आमचे बोलणे पुन्हा सुरू झाले. त्यानंतर मात्र त्याने ठरल्याप्रमाणे हिशेब वसूल करायला सुरुवात केली. कुठेही भेटो, बाजारात, बसस्टँडवर, जत्रेत, दुरूनच ओरडायचा, बाय, आला का तुमचा पाऊस? मासळीवाल्या बायका मला बघितले की आधी आभाळाकडे बघत. सासूबाईंपर्यंत हे गेले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, की तो मिरच्यांवालाच पाऊस का? दर पावसाळा संपला की मला सुटल्यासारखे वाटायचे आणि थोडी लाजही. ज्या पाहुण्यासाठी दुसऱ्याचे घर रिकामे करवले, तो आला नाही म्हणून खूश व्हायचे. आमचा धंदाच असा आहे. खरे ठरलो तर माणसे बुडतात आणि खोटे ठरलो तर आपले हसे होते. आणि रोज सकाळी आपले हसेच होवो अशी प्रार्थना करून ऑफिसला जायचे.

मग एका हिवाळ्यात आग्नेल पाहणीवरून हसतच आला. म्हणाला, की तुमच्या तिसऱ्या गाळ्यात मिरच्या तळतात. मी गेले. पुलाचे पहिले दोन गाळे व्हाळाला पुरेसे होते. तिसऱ्यात पावसाळा सोडून पाणी येतच नव्हते, कोरडी, गार, सावलीची जागा. जयवंतने तिथे चार बाकडी मांडली होती, भट्टी पेटवली होती. जवळच्या कारखान्यांत काम करणारे कोल्हापूर-बेळगावकडचे लोक दुपारी उन्हातून येऊन तिथे टेकत. चढावरच्या हॉटेलापेक्षा धंदा बरा होता.

मी काही बोलायच्या आत त्यानेच सांगितले, "जागा तुमच्या पावसाची. तो येयसर हांव राखतां." तो येईपर्यंत मी राखतो.

पुलाखाली असे काही मांडणे नियमात बसत नाही, हे सरकारी अधिकारी म्हणून मला पक्के ठाऊक होते. आधी एक मिरची खावी आणि मग कर्तव्याचा विचार करावा असे मी ठरवले. दुसऱ्या मिरचीनंतर तो विचार राहून गेला. एक मात्र मी कडक शब्दांत बजावले, की मे संपायच्या आत इथला चमचासुद्धा हलला पाहिजे. तो म्हणाला, बरे. आणि मी सांगितले म्हणून नव्हे, पण दर वर्षी मे संपायच्या आत ती बाकडी वर जात आणि पाऊस सरल्यावर खाली येत.

एका ऑगस्टात आभाळ दोन दिवस नुसते कोसळले. रस्ते बंद, फोन बंद. मला घरात बसवेना. पाऊस थांबल्यावर पहिला फोन जयवंतचा आला. तिसऱ्या गाळ्यातून पाणी गेले होते, कमरेएवढे, फांद्यांसकट, कुठे न अडता. वरच्या घरांच्या उंबऱ्याला ते लागले नाही. मी विचारले, माझा पाऊस आला म्हणायचा का?

"ना बाय. तुमचो पावस न्हय, ताचो धाकटो भाव येवन गेलो."

आकडे आले तेव्हा ते अगदी खरे निघाले. माझ्या पावसाच्या निम्म्याहून थोडा अधिक होता. धाकटा भाऊच. पण त्यानंतर बाजारात माझ्या नावाने ओरडणे बंद झाले. मला ते चुकल्याचुकल्यासारखे वाटायचे, हेही कबूल करते.

निवृत्तीच्या थोडे आधी, जूनमध्ये, मी पुलाशी गेले. त्या वर्षी पावसाने तोंड दाखवले नव्हते. ऊन रणरणत होते, व्हाळात पाय भिजण्याएवढेही पाणी नव्हते. वेधशाळा म्हणत होती अजून काही दिवस नाही. कारखान्यातली माणसे घाम पुसत चढ चढून वरच्या हॉटेलाकडे चालली होती, आणि खाली तिसरा गाळा रिकामा, गार, सावलीत. जयवंत तिथे एकटाच झाडत होता. बाकडी गेली होती, भट्टीची राख उचलली होती, तोंडाशी उगवलेली झुडपे कापून एका बाजूला रचली होती.

मी म्हणाले, की पाऊस अजून लांब आहे, एवढे दिवस धंदा का बुडवता. मलाच त्याची बाजू घेताना पाहून त्याला गंमत वाटली. म्हणाला, "गणपती हाडचे आदीं जागा सारयतात न्हय, तशी. तो येता काय ना, म्हाका खबर ना. जागा मात ताची." गणपती आणण्याआधी जागा सारवतात तशी, तो येवो न येवो, जागा त्याची.

मी दमले होते. बोलता बोलता हातातली पिशवी त्या झाडलेल्या जमिनीवर टेकवली. जयवंतने झाडू भिंतीला लावला, वाकून पिशवी उचलली आणि माझ्या हातात दिली.

"हांगा दवरूं नाकात, बाय," तो म्हणाला. "वयर चाय घेवया."

सगळी नोकरी मी कागदावर पावसासाठी ती जागा मागत आले. साहेबांकडे, ठेकेदारांकडे, खाणवाल्यांकडे, आणि मिळाली तरी कुरकुरत मिळाली. ज्याची भट्टी मी मोडली त्या माणसाने ती हाताने झाडून ठेवली होती, आणि माझी पिशवीसुद्धा तिथे चालत नव्हती. माझे डोळे भरून आले. मी पिशवी खांद्याला लावली आणि आम्ही दोघे उन्हातून चढ चढू लागलो.